‘नाही’ म्हटल्यानंतरचा शेजार

कोयनानगर हे धरणासाठी वसलेलं गाव. पाटण तालुक्याच्या या खोऱ्यात १९५०च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि कामगार, अभियंते, कारकून, शिक्षक, परिचारिका अशी नाना ठिकाणची माणसं इथे राहायला आली. त्याच वेळी खोऱ्यातली जुनी गावं पाण्याखाली गेली आणि त्यांची माणसं सांगली-सोलापुरापासून ठाणे-रायगडापर्यंत पांगली. पुढे ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने उरलीसुरली घरंही पाडली. अशा गावात शेजार वाडवडिलांकडून आयता मिळत नाही, तो नव्याने जोडावा लागतो. म्हणूनच चर्चमध्ये जाणाऱ्या माणसाने चर्चमध्ये न येणाऱ्या शेजाऱ्याशी आपल्या श्रद्धेविषयी बोलावं का, आणि बोलावं तर कसं, हा प्रश्न इथे रोजच्या जगण्यातला आहे.

या प्रश्नाच्या दोन बाजू मांडण्यासाठी मी दोन माणसं योजली आहेत. गुरुजी हे निवृत्त शिक्षक, माळकरी. सिस्टर या निवृत्त परिचारिका, ख्रिस्ती. व्यक्ती म्हणून दोघेही कल्पित आहेत. त्यांच्या तोंडचे मुद्दे मात्र सातारा-सांगलीत कुठल्याही ओट्यावर ऐकू येतात.

गुरुजी : सिस्टर, तुमच्या लोकांच्या सेवेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. मोठं ऑपरेशन म्हटलं की आमच्या वडिलांच्या पिढीत ‘मिरजेला न्या’ म्हणायचे. मिरजेला म्हणजे मिशन हॉस्पिटलला. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. माणूस खाटेवर पडलेला असतो, घरच्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्या वेळी तुम्ही विचारता, ‘प्रार्थना करू का?’ त्याने नाही कसं म्हणावं? ज्याच्या हातात सलाईनची सुई आहे त्याला नाही म्हणायला फार धीर लागतो.

सिस्टर : प्रश्न खरा आहे, गुरुजी. मी मिरजेलाच शिकले, म्हणून तिथलंच सांगते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली कॅनडातून इकडे आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं. ऑपरेशनच्या आधी ते प्रार्थना करायचे, सगळ्यांसमोर. लोकांना ख्रिस्ताची ओळख व्हावी म्हणून आपण आलो, हेही त्यांनी कधी लपवलं नाही. पण बरे होऊन घरी गेलेले बहुतेक रुग्ण हिंदू, मुसलमान, जैन असे जसे आले होते तसेच गेले, आणि पुन्हा दुखलं तर पुन्हा आले. उपचार प्रार्थनेवर अवलंबून असते तर त्या खाटा रिकाम्या राहिल्या असत्या. सांगली-मिरजेच्या मध्ये त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही आहे. तिथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं. ते नाव लोकांनी इतकी वर्षं टिकवलं, ते काही दबावाखाली टिकवलं नाही.

गुरुजी : अट नव्हती, हे मान्य. पण उपकाराचं ओझं असतं ना? आमच्या साताऱ्यातलंच दुसरं उदाहरण घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. त्या पंगतीत जेवणाऱ्या पोराला कुणी देव बदलायला सांगितलं नाही. सेवा सेवेपुरती राहिली. तुम्हाला का जमू नये?

सिस्टर : कर्मवीरांपुढे मीही हात जोडते. पण तेही गप्प राहून सेवा करत नव्हते. जात पाळणं चूक आहे, ही त्यांची ठाम श्रद्धा होती आणि ती त्यांनी पंगतीतून, शिकवणुकीतून मुलांच्या मनात पेरली. ‘जेवण घाला, पण तुमची श्रद्धा सांगू नका’ असं आपण त्यांना म्हटलं असतं का? आणि तुमच्या सप्ताहात सात दिवस लाऊडस्पीकर लागतो. नाथांचं, तुकोबांचं नाव माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. मला ते आवडतं. ज्याला जे मोलाचं वाटतं ते तो वाटतोच.

गुरुजी : कीर्तनाला येणाऱ्याला आम्ही काही सोडायला सांगत नाही. तुमच्याकडे गेलेला माणूस मात्र हळूहळू गावातून बाहेर पडतो. यात्रेची वर्गणी बंद, पालखीला खांदा नाही, प्रसाद नको, नातेवाइकाच्या घरच्या पूजेला येणं नाही. शहरात हे कुणाच्या लक्षात येत नाही. खेड्यात दहावं घर गळालं तरी उरलेल्या नऊ घरांना ते लागतं. लोक चिडतात ते देव बदलल्यामुळे कमी आणि माणूस तुटल्यामुळे जास्त चिडतात.

सिस्टर : हे तुम्ही बोललात ते बरं झालं, कारण आमच्या चर्चमध्ये कुणी एवढं स्पष्ट सांगत नाही. पण एक मला विचारू द्या. ज्या घरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांतली कितीतरी महारवाड्यातली, मांगवाड्यातली होती. यात्रेत त्यांची जागा कुठे होती? पालखीला त्यांचा खांदा चालत होता का? गावाने ज्याला आधीच वेशीबाहेर ठेवलं, तो ‘गावातून बाहेर पडला’ असं आपण कसं म्हणणार? आणि त्याची किंमत तो आजही मोजतोय. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. मनाने एक आणि कागदावर दुसरं, असं त्याला जगावं लागतं.

गुरुजी : त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो दोष आमचा आहे, आणि तो तुमच्यावर राग काढून फिटणारही नाही. पण आज कुणाच्याही घरात हे घडलं तर काय करायचं?

सिस्टर : मी काय करते ते सांगते. पूजेतला प्रसाद मी घेत नाही आणि का घेत नाही ते विचारणाऱ्याला सरळ सांगते. पण पालखी दारावरून जाते तेव्हा माझ्या ओट्यावर पाण्याचा पिंप आणि चहाचं पातेलं असतं. देवाच्या वर्गणीला मी नाही म्हणते. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, कुणाचं आजारपण यांची वर्गणी पहिली माझी असते. मयताला मी जातेच. आमच्यातले काही लोक शेजाऱ्याच्या दुःखातही अंतर ठेवून उभे राहतात. मला ते पटत नाही, आणि मी त्यांना तसं सांगते. जो शेजाऱ्याच्या मयताला गेला नाही, त्याने त्याला नाताळच्या भक्तीला कोणत्या तोंडाने बोलवायचं?

गुरुजी : घराचंही बोला. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि इकडे त्या बाईचा संसार उभा फाटला. चार-पाच वर्षं दोघं वेगळी. रेव्हरंड टिळकांची कविता मी मुलांना शिकवली आहे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या निर्णयाचा घाव त्यांच्यापेक्षा लक्ष्मीबाईंनीच जास्त सोसला. प्रचार करणारा एका माणसाशी बोलतो, आणि त्या माणसामागे अख्खं घर असतं याचा त्याला विसर पडतो.

सिस्टर : तेच पुस्तक मीही वाचते, आणि तो भाग मला कधी सोपा गेला नाही. पण त्यानंतरची वर्षं बघा. लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचं सोवळं, त्यांचा वेगळा स्वयंपाक सांभाळून त्या घरात राहिल्या, आणि टिळकांनी ते राहू दिलं. पुढे त्यांचं मन वळलं ते नवऱ्याच्या हुकमाने नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना उमगलं. त्या बाईला कुणी ओढून नेलं असं त्यांचं पुस्तक वाचून कुणी म्हणणार नाही. टिळक सुरुवातीला चुकले असतील, पण वाट बघायला ते शिकले. आमच्या आजच्या उत्साही प्रचारकांना ती वाट बघणंच जमत नाही. त्यांना महिनाअखेर आकडा हवा असतो.

गुरुजी : आणि शेवटी टिळक आमच्या साताऱ्यालाच आले.

सिस्टर : १९१७ साली. मिशनची पगारी नोकरी सोडून, संन्यस्त वृत्तीने. तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही त्यात जागा होती, त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. मिशन कंपाउंडची भिंत आत आणि बाहेर अशी माणसं तोडते, हे त्यांनी ओळखलं होतं. ख्रिस्ती माणूस परदेशी दिसायला लागला, त्याची भाषा, त्याचं गाणं, त्याचा पेहराव गावाला परका झाला, तर दोष गावाचा नाही, असं त्यांना वाटे. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्ताकडे आणलं, असं ते उघड सांगत. म्हणून त्यांनी भजन, अभंग, कीर्तन चर्चमध्ये आणलं. १९१९च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजनं मात्र मराठी मंडळ्यांत आजही दर रविवारी गायली जातात.

गुरुजी : हा माणूस मला जवळचा वाटतो. पण एक शंका राहते. अभंगाच्या चालीत ख्रिस्त सांगितला की साध्या वारकऱ्याला वाटावं हे आपलंच आहे, आणि तो नकळत आत ओढला जावा, असंही कुणी करू शकतं ना?

सिस्टर : करू शकतं. म्हणूनच टिळकांचा उघडेपणा महत्त्वाचा. त्यांनी ख्रिस्ताचं नाव झाकून अभंग रचला नाही. नाव झाकलं असतं तर ती फसवणूक झाली असती. आपली श्रद्धा आपल्या मातीच्या बोलीत सांगणं निराळं आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेचा वेष घेऊन त्याच्या घरात शिरणं निराळं. पहिल्याला माझा पाठिंबा आहे, दुसऱ्याला नाही.

गुरुजी : आता मला खटकणारी सगळ्यात मोठी गोष्ट. चंगाईच्या सभा. हात ठेवला की आजार गेला, औषध फेका, विश्वास ठेवा.

सिस्टर : त्या बाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे, गुरुजी. मी आयुष्यभर औषधं दिली. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग पुन्हा उसळतो आणि त्याच औषधांना दाद देईनासा होतो. इन्सुलिन बंद केलं तर माणूस जाऊ शकतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना मीही करते, पण ‘गोळ्या बंद करा’ म्हणणारा माणूस ख्रिस्ताचं नाव घेत असला तरी मी त्याला रुग्णाच्या दाराबाहेर काढीन. वानलेसांनी प्रार्थना केली आणि मग हातात शस्त्र घेतलं. प्रार्थना करून शस्त्र खाली ठेवलं नाही.

गुरुजी : मग संकटातली मदत? २०२१च्या जुलैमध्ये आपल्याच भागात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. वाचलेली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी कोयनानगरला आणली. अशा वेळी मदतीच्या पिशवीवर कुणाचंही नाव छापलेलं असो, पक्षाचं, मंडळाचं किंवा पंथाचं, घेणाऱ्याला ते निमूट वाचावं लागतं. ज्याचं घर गेलं त्याच्या हातात तांदूळ आणि पत्रक एकदम देणं मला पाप वाटतं.

सिस्टर : मलाही. आणि हे आमच्या मोठ्या संस्थांनीही लिहून ठेवलंय. २०११ साली जगभरातल्या चर्चेसची जागतिक परिषद, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं खातं आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांची जागतिक संघटना यांनी एकत्र येऊन एक निवेदन काढलं. एरवी या तिघांचं अनेक बाबतींत पटत नाही. पण लोकांच्या गरिबीचा आणि अडचणीचा फायदा घेऊन श्रद्धा सांगायची नाही, आमिष दाखवायचं नाही, यावर तिघांचं एकमत झालं. दुःख एवढंच की ते निवेदन आमच्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांपर्यंत फारसं पोचलेलं नाही.

गुरुजी : म्हणजे तुम्ही माझ्याच मताच्या झालात. सेवा करा, गप्प राहा.

सिस्टर : नाही. ‘गप्प राहा’ मला मान्य नाही. घटनेच्या २५व्या कलमाने मला माझा धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. तो निर्णय मला जाचक वाटत नाही. धर्मांतर करणारी मी कोण? ते माणूस आणि देव यांच्यातलं आहे. पण सांगण्याचा हक्क माझा आहे आणि तो सोडायला मी तयार नाही. आज कुणी घरात चार माणसं जमवून भजन केलं तरी बाहेर जमाव उभा राहील का, अशी भीती आमच्या घरांतून असते. तेव्हा तुमच्यासारख्यांनी काय करायचं, हेही सांगा.

गुरुजी : त्या दिवशी मी तुमच्या दारात उभा राहीन. मतभेद ओट्यावर बसून भांडायचा असतो, दगड हातात घेऊन नाही. तक्रार असेल तर पोलिसांत द्यावी, न्यायालयात जावं. प्रार्थनेला बसलेल्या बायकापोरांवर धावून जाणारा माझ्या विठ्ठलाचं नाव राखत नाही. आता मला एक खरं सांगा. तुम्ही रोज प्रार्थना करता. माझ्यासाठी करता?

सिस्टर : करते.

गुरुजी : मी ख्रिस्ती व्हावं म्हणून?

सिस्टर : तुमचे गुडघे बरे व्हावेत म्हणून, तुमच्या नातवाला नोकरी लागावी म्हणून. आणि हो, तुम्ही ख्रिस्ताला ओळखावं म्हणूनही. खोटं कशाला बोलू? मला आयुष्यात जे सर्वांत मोलाचं मिळालं ते माझ्या शेजाऱ्याला मिळू नये, असं मला वाटलं तर माझ्या शेजारपणातच खोट आहे.

गुरुजी : तुम्ही सांगितलंत म्हणून मला राग आला नाही. मनात ठेवून गोड बोलला असतात तर आला असता. पण माझं उत्तर नाही असंच राहणार आहे, सिस्टर. पांडुरंग मला पुरतो.

सिस्टर : राहू दे. उद्या सकाळी तुमचं ब्लडप्रेशर बघायला मी येणारच आहे.

संवाद इथे थांबतो. दोघांचं एकमत झालेलं नाही आणि तसं व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण या बोलण्यातून एक कसोटी हाती लागते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. श्रद्धा सांगणाऱ्याची पारख तो काय सांगतो किंवा किती गोड सांगतो यावर होत नाही. समोरचा ‘नाही’ म्हणाल्यानंतर तो कसा वागतो, यावर होते. नकारानंतर येणंजाणं कमी झालं, औषधपाण्याची चौकशी थांबली, मुलांची शिकवणी बंद झाली, तर आधीची सगळी सेवा व्यवहार होती असं समजावं. नकारानंतरही शेजार पहिल्यासारखा राहिला तर ती सेवा खरी होती, आणि ती करताना त्या माणसाने आपल्या देवाचं नाव घेतलं तर त्यात गैर काही नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचा मोठा दाखला आहे. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती शिकवणूक त्यांनी तिथे भरपूर ऐकली आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंनी चालवलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंनी याच फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. त्याही ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि फरारबाईंनी त्यांना शिकवायचं नाकारलं नाही. बाप्तिस्म्यांच्या वहीत या दोघांची नोंद नाही. तरी त्या मिशनऱ्यांच्या श्रमाचं यापेक्षा मोठं फळ महाराष्ट्राने पाहिलेलं नाही. आकड्यांच्या मागे लागलेल्या प्रत्येक मंडळीने हे ध्यानात ठेवावं.

चर्चमधल्या बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. आपण कोण आहोत ते पहिल्या भेटीत सांगा. मदतीच्या पिशवीत पत्रक घालू नका. आजाऱ्याची गोळी कधी थांबवू नका. खाटेवरच्या माणसासाठी प्रार्थना करायची तर त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी आपण होऊन म्हटल्यावर करा. एका माणसाशी बोलताना त्याच्या मागचं घर नजरेआड करू नका. आणि केवळ देणारे राहू नका. शेजाऱ्याकडून पुरणपोळी घ्या, सल्ला घ्या, अडचणीत त्याची मदत घ्या. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण बरोबरीचा मानत नाही.

गावालाही तितकंच सांगायचं आहे. कुणी आपली श्रद्धा उघडपणे सांगत असेल तर ऐकून घ्या, पटलं नाही तर नाही म्हणा, आणि विषय तिथेच संपवा. आपल्या गावात कुणाला कायम वेशीबाहेर उभं केलं गेलं, याचा हिशेब आधी मांडा आणि मगच कोण गाव सोडून गेला ते मोजा. येत्या नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्याकडून फराळाचं ताट आलं तर ते मोकळ्या मनाने घ्या, आणि ते ताट रिकामं परत पाठवू नका.